झाकण न लागणारा डबा

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, आता कोपऱ्यांवर गंजलेला. माझ्या झाकणावर समुद्राचं चित्र आहे. शांत पाणी, एक शिडाचं जहाज आणि वर चार पांढरे पक्षी. ज्याने हे चित्र काढलं तो आमच्या बेटावर एक दिवससुद्धा राहिलेला नसणार, असं माझी मालकीण तानेत्ये नेहमी म्हणायची.

मित्रांनो, डब्याच्या आयुष्यात काय घडणार, असं तुम्हाला वाटत असेल. तुमचं बरोबर आहे. उघडणं आणि मिटणं, एवढंच. पण जगात कोण कधी मिटतो, यावर पुष्कळांचं बरंवाईट अवलंबून असतं. तेवढ्यासाठी ऐका.

माझा जन्म हॉलंडात, झान नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या हवेला लोण्याचा आणि दालचिनीचा वास असे. मला कापलं, ठोकलं, रंगवलं आणि शेवटी एका टकल्या तपासनिसाने माझं झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं. टप्प असा आवाज झाला. "ह्याच्यात समुद्रसुद्धा शिरणार नाही," तो म्हणाला. त्याने बढाई मारली होती, पण पुढे समुद्राने ती तपासून घेतली.

तानेत्येने मला तिच्या लग्नाच्या साली घेतलं. ती हॉलंडच्याच झीलंड प्रांतातल्या एका बेटावर राहायची. नवरा मरीनस शेतकरी, पुढे एक मुलगी झाली, कोबा. घर बांधाच्या आत होतं आणि समुद्र बांधाच्या बाहेर. उंचीचा विचार केला तर समुद्र वर आणि आमचं स्वयंपाकघर खाली, पण हे कोणी बोलून दाखवत नसे.

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला कॉफी देतात. मग डबा उघडतात, पुढे करतात, पाहुणा एक बिस्किट उचलतो आणि झाकण लावून डबा फडताळात जातो. दुसरं बिस्किट दुसऱ्या कपाबरोबर. पहिल्याच कपाला दुसरं बिस्किट उचलणाऱ्याच्या घराण्याची चौकशी होते. आणि पाहुणा 'नको' म्हणाला, तर नको. डबा पुढे सरकतो. आमच्याकडे माणसाच्या शब्दाला किंमत आहे. मनात हो असून तोंडाने नको म्हणणारा माणूस आमच्या देशात उपाशी मरेल, आणि लोक त्याच्या शब्दाचा मान राखला म्हणून समाधानाने घरी जातील.

एका फेब्रुवारीत वादळ आलं. मरीनस गावातल्या इतर पुरुषांबरोबर वाळूच्या गोण्या घेऊन बांधावर गेला होता. पहाटे बांध फुटला. पाणी स्वयंपाकघरात आलं ते खिडकीतून. तानेत्येने एका काखेत सहा वर्षांची कोबा मारली, दुसऱ्या काखेत मला, आणि माळ्यावर चढली. अशा वेळी माणूस काय उचलतो याला तर्क नसतो. तिची लग्नातली सोन्याची बटणं खालीच राहिली.

माळ्यावर मला महत्त्व आलं. सकाळी एक बिस्किट कोबाला, एक तानेत्येला, आणि झाकण. संध्याकाळी पुन्हा तसंच.

"आई, आणखी एकच."

"झाकण, कोबा."

"अर्धं तरी."

"झाकण म्हटलं ना!"

होडी आली तेव्हा माझ्यात दोन बिस्किटं शिल्लक होती, आणि तीही कोरडी. तपासनीस खरं बोलला होता. मरीनसचा मात्र एक लाकडी बूट तेवढा सापडला.

आम्हाला एका शाळेत नेऊन ठेवलं. आज माझा देश जगाला मदत वाटतो, पण त्या वर्षी सगळं जग आम्हाला घोंगड्या पाठवत होतं. डेन्मार्कहून आलेली एक बाई अंथरुणाअंथरुणापाशी जाऊन कोणाला काय हवं ते विचारत होती. पुढचा प्रसंग कोबा आयुष्यभर असा सांगत आली: "त्या बाईने विचारलं, तुम्हाला काय हवंय? आणि माझ्या आईने ताडकन सांगितलं. दोन घोंगड्या, एक शेगडी आणि नवा बांध. लाजली नाही, रडली नाही. बुडणाऱ्याने 'बुडतोय' म्हणावं. त्यात कसली लाज?"

त्या वेळी कोबा आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत होती. मी पूर्ण जागा होतो. पण डब्याची साक्ष कोणी काढत नाही.

बांध मात्र खरोखर नवा झाला. असा झाला की जगभरचे लोक तो पाहायला येऊ लागले. आमच्या देशाला शोध लागला की आपल्याला पाण्यातलं कळतं, आणि ज्याला एखाद्या गोष्टीतलं कळतं त्याला ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय करमत नाही. कोबा शिकली, पाण्याची इंजिनियर झाली आणि हेग शहरात जलमैत्री मंडळात नोकरीला लागली. दूरदूरच्या बुडत्या मुलखांना बांध घालायला मदत करायची, हे मंडळाचं काम. तानेत्येने मला तिच्या हाती दिलं. "तिथे लोक येतील. नुसत्या कॉफीवर बोलवू नकोस."

अशा रीतीने मी जगाच्या कारभारात शिरलो.

माझा देश नकाशावर अंगठ्याने झाकता येईल एवढा आहे, पण जगात जिथे म्हणून चार देश गोल बसून काही ठरवतात तिथे आमची एक खुर्ची असतेच. नद्यांबद्दल असो, न्यायाबद्दल असो की डासांबद्दल. मलाही एकदा जिनिव्हाला नेलं होतं. 'वरच्या देशांनी खालच्या देशांसाठी शक्यतो पाणी सोडावं' या वाक्यात 'शक्यतो' असावं की नसावं यावर तिथे खल चालला होता. आमच्या माणसांनी सगळ्यांची मनं राखून तोडगा काढला. 'शक्यतो' राहिलं. टाळ्या झाल्या. वरच्या बाजूच्या एका देशाच्या प्रतिनिधीने माझ्यातून दोन बिस्किटं उचलली, आणि खालच्या बाजूच्या प्रतिनिधीपर्यंत मी पोचलो तेव्हा चुरा उरला होता.

तरी ते दिवस मानाचे होते. मंडळात सगळे एकमेकांना अरेतुरे करत, साहेब सायकलवर येई, दुपारी सगळे पाव-चीज खात आणि वर ताक पीत. टेबलाच्या मध्यभागी मी. "कोबाचा डबा आला की सभा सुरू," असं म्हणत.

कोबा भली बाई होती. मंडळाने पूर्वी एका देशात लोकांना न विचारता संडास बांधले होते आणि लोकांनी त्यांत बकऱ्या बांधल्या होत्या. बकऱ्यांना ते फार आवडले. त्या फजितीनंतर कोबानेच भांडून नियम करून घेतला: आपण ठरवायचं नाही, आपण विचारायचं. ज्याची गरज त्यानेच सांगायची. त्याच्या तोंडून हो आल्याशिवाय एक दगड हलवायचा नाही.

नियम चांगला होता. मी आजही त्याला वाईट म्हणणार नाही.

बांगलादेशात, समुद्राजवळ, काठालडांगा नावाचं गाव होतं. मंडळाने तिथे मातीचा लांबच लांब बांध घातला होता. कोबा तिथे जाऊन आली तेव्हा हसत सांगत होती, "अगं बाई, काय ते जेवण! मी नको म्हटलं तरी वाढतात. पुन्हा नको म्हटलं, पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या फटीतून मासा घातला!"

"म्हणजे त्यांना 'नाही' कळत नाही," वाउटर म्हणाला. वाउटर तिचा सहकारी, वयाने लहान, जिभेने तिखट.

"अजिबात नाही," कोबा म्हणाली, आणि सगळे हसले. मीही त्या वेळी हसलोच असतो.

काठालडांग्याचा बांध पुरा झाला, पण एक जागा राहिली होती. नदी जिथे वळते तिथे पाण्याचा मारा जास्त, आणि तिथे दगड रचायला हवे होते. ते करायचं की नाही हे ठरवायला मंडळाने गावच्या बांध-समितीच्या प्रमुखांना हेगला बोलावलं. मोकसेद सरदार त्यांचं नाव. निवृत्त शाळामास्तर, पांढरी दाढी, उसना घेतलेला जाड कोट. इंग्रजी आमच्या लोकांपेक्षा जुनं आणि शुद्ध. विमानतळावरून ते थेट आले होते.

कोबाने कॉफी ओतली आणि मला उघडून त्यांच्यापुढे धरलं. "बिस्किट?"

मोकसेदमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, भुकेला माणूस डब्याला लगेच ओळखू येतो. "नको, नको," ते म्हणाले आणि हात छातीवर ठेवला.

टप्प. कोबाने झाकण लावलं.

ते थोडा वेळ माझ्या झाकणावरच्या समुद्राकडे बघत राहिले. मला वाटतं ते वाट बघत होते. वाउटरने आपलं बिस्किट कॉफीत बुडवून खाल्लं.

"मास्तर," कोबा म्हणाली, "मी सरळच विचारते. आमची ती पद्धत आहे. नदीच्या वळणावर दगडी काम करायची तुम्हाला गरज आहे का?"

"कोबा आपा, तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत," मास्तर म्हणाले. "माझे आईबाप असते तर त्यांनी एवढं केलं नसतं. आता आणखी कोणत्या तोंडाने मागू? आहे त्यात भागवून घेऊ."

"म्हणजे गरज नाही," कोबाने लिहून घेतलं.

मास्तर हसले. आमच्याकडे माणसं आनंद झाला की हसतात. त्यांच्याकडे अवघडलं की हसतात, हे त्या टेबलाभोवती कोणाला ठाऊक नव्हतं. "वर अल्ला आहे, इथे तुम्ही आहात. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"नाही नाही, आम्हाला काय वाटतं हा प्रश्नच नाही," कोबा कळवळून म्हणाली. "तुमचा शब्द आम्हाला पुरे."

"आमचं बरं चाललंय, आपा."

वाउटरने टेबलावर थाप मारली. "इतक्या वर्षांत 'पुरे' म्हणणारा पहिला पाहुणा! मास्तर, तुमचा पुतळा उभारायला हवा."

मास्तर पुन्हा हसले.

उठताना त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं. त्यात नारळाचे आणि खजुरी गुळाचे लाडू होते, घरून करून आणलेले. कोबा म्हणाली, "अहो नको, आम्हाला भेट घ्यायची परवानगी नाही." मास्तर म्हणाले, "घ्या." कोबा म्हणाली, "खरंच नको." मास्तर म्हणाले, "माझ्या बायकोने केलेत, आपा." आणि तिने पुन्हा काही म्हणायच्या आत त्यांनी मला उघडलं आणि लाडू भरले. खच्चून भरले, शीग लागेपर्यंत. मग झाकण दाबलं. ते लागेना. कोबाने दाबलं, वाउटरने कोपराने दाबलं, आणि माझ्या कडेला पोचा पडला.

त्या दिवसापासून माझं झाकण नीट लागत नाही.

दगड दुसऱ्या एका देशाला गेले. त्या देशाने हो म्हटलं होतं.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात वाउटर सभेत उशिरा आला. कॉफी ओतून झाली होती, मी उघडा होतो. तो बसला नाही. "काठालडांगा," तो म्हणाला. "वादळ. वळणावर फुटला."

कोबाने झाकण हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं. "मास्तर?"

"बांधावर होते. माती टाकत होते म्हणे, पोरांना घेऊन. पोरं जिवंत सापडली. मास्तर नाही."

वाउटर आता बसला. मग कोबा म्हणाली, "पण मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस," वाउटर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज तिखट नव्हता. "सगळ्यांसमोर विचारलं होतंस."

"सरळ विचारलं होतं."

"हो गं."

ती हे वाक्य त्या हिवाळ्यात पुष्कळदा बोलली. सभेत, फोनवर, एकटी असताना माझ्याशी. पण मी विचारलं होतं.

वसंतात मास्तरांची भाची एका परिषदेसाठी हेगला आली आणि मंडळात डोकावली. निलुफा तिचं नाव, तीही पाण्याचीच इंजिनियर. कोबाने मला पुढे केलं आणि निलुफाने पहिल्याच वेळी बिस्किट उचललं.

"मी डेल्फ्टला शिकले," ती म्हणाली. "पहिल्यांदाच हो म्हणायचं, हे इथे दोन महिने उपाशी राहून शिकले."

कोबाला हसू आलं नाही. "निलुफा, तुझ्या मामांनी मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं त्यांना."

"किती वेळा?"

"म्हणजे?"

"किती वेळा विचारलंत, आपा? आमच्यात पहिलं 'नको' सगळेच म्हणतात. ते रीत म्हणून. दुसरं 'नको' संकोचाचं. तिसऱ्यांदा कोणी विचारलं की मग माणूस खरं बोलतो. मी मामांना म्हटलं होतं, मामा, ते लोक वेगळे आहेत, जाताच सांगून टाका. तर म्हणाले, ज्यांनी एवढं दिलं त्यांच्या दारात पहिल्याच हाकेला ताट पुढे करू? आपण गरजवंत आहोत, हावरट नाही."

कोबाने निलुफाच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"परत आल्यावर मामीला काय म्हणाले सांगू? म्हणाले, फार सभ्य माणसं आहेत गं. फक्त पुन्हा विचारलं नाही."

निलुफाने बिस्किटाचा एक तुकडा मोडला आणि तो तसाच बशीत ठेवला. जाताना तिने कोबाला मिठी मारली. मारली नसती तर कोबाला सोपं गेलं असतं.

त्या महिन्यात तानेत्येचा वाढदिवस होता. ती आता आमच्या बेटावरच्या झीरिकझे गावातल्या वृद्धाश्रमात असायची. कोबा केक घेऊन गेली आणि मलाही नेलं. खिडकीतून नवा बांध दिसत होता. कोबाने आईला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुझ्यासारखं त्यांनी सांगायला हवं होतं, आई. ताडकन. दोन घोंगड्या, एक शेगडी, नवा बांध."

म्हातारीने मला मांडीवर घेतलं आणि वाकड्या कडेवरून बोट फिरवलं. "मी कुठे ताडकन सांगितलं?"

"त्या डेन्मार्कच्या बाईला..."

"तिला मी म्हटलं, आम्हाला काही नको, दुसऱ्यांना द्या. माझा नवरा समुद्रात होता, कोबा. मला लोकांच्या घोंगड्या नको होत्या. ती गेली. फिरून आली, पुन्हा विचारलं. मी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा ती जमिनीवर बसली, तुझ्या पायांशी. तुझे पाय हातात धरले आणि म्हणाली, हे फार गार आहेत. तेव्हा मी सांगितलं."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तुला तुझी गोष्ट इतकी आवडायची," तानेत्ये म्हणाली. "तिच्या जोरावर तू कुठल्या कुठे पोचलीस. मी कशाला मोडू?"

परतीच्या वाटेवर कोबाने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. माळ्यावरून उतरताना तिच्या आईने धरलं होतं तसं.

मित्रांनो, पुढचं थोडक्यात सांगतो. कोबाने नियमात बदल सुचवला: तीनदा विचारावं. तिची सूचना सभेत मांडली गेली, सगळ्यांना बोलायची संधी मिळाली, आणि तिसऱ्यांदा विचारायला वेळ कुठून काढायचा यावर एकमत झालं नाही. मग ती निवृत्त झाली. कचेरीत एक यंत्र आलं, त्यातून कागदात गुंडाळलेलं एकेक बिस्किट पडतं. मंडळ दुसऱ्या मंडळात मिसळलं, ते तिसऱ्यात. आता देशात पुष्कळ लोक म्हणतात, जगाचं खूप केलं, आता आपलं बघू. तसं म्हणताना त्यांचा एक हात झाकणावर असतो, हे मला दिसतं. डब्याला तेवढंच दिसतं.

कोबा मला घेऊन बेटावर परतली. ती एकटीच राहते. मला ठोकून सरळ करायला माणूस तयार होता, तिने करू दिलं नाही. त्यामुळे आमच्याकडची बिस्किटं मऊ पडलेली असतात. तरी ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. "बिस्किट?" नको. "घ्या की एक." नको म्हटलं ना. "घ्याच." गावात तिचं नाव खराब झालंय. लोक म्हणतात, बाई भली आहे, पण परदेशात फिरून हिच्या कानांत बिघाड झाला.

गेल्या हिवाळ्यात पोस्टमन क्राइन आला. बेटावरचा सर्वांत कमी बोलणारा माणूस; त्याच्या वाटचं त्याची बायको ग्रीत बोलायची. कोबाने मला पुढे केलं.

"नको."

"घे रे, कॉफी गरम आहे."

"नको म्हटलं, कोबा. पत्रं वाटायचीत."

ती दारातच उभी राहिली, मला धरून. झाकण तिने लावलं नाही. "क्राइन," ती म्हणाली, "तू आत येऊन बसतोस का?"

क्राइनने टोपी काढली. कितीतरी वेळ ती हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ग्रीत गेली. तीन आठवडे झाले. कोणी विचारलं की मी म्हणतो, ठीक आहे. आणि लोक बरं म्हणून जातात."

तो आत आला, बसला आणि रडला. मऊ पडलेलं एक बिस्किट त्याने खाल्लं, मग दुसरं. पहिल्याच कपाला.

मी फक्त एक जुना डबा आहे, मित्रांनो. मोठ्या देशांना काही सांगायची माझी लायकी नाही. तुम्हाला मात्र सांगतो, कारण तुम्ही अजून लहान आहात आणि तुमच्या घरातही डबे असतील. मला घासूनपुसून ठेवलं नाही तरी चालेल. पण कोणी 'नको' म्हटलं, तर झाकण लावण्याआधी थोडं थांबा आणि त्याच्या पायांकडे बघा. ते गार असतील.

काठालडांग्याच्या मास्तरांनी भरलेले लाडू फार पूर्वीच संपले. कोबा कधी कधी मला उघडते आणि नुसता वास घेते. तळाशी अजून थोडा गुळाचा वास आहे. मग ती झाकण वर ठेवते. दाबत नाही.